चॅरिटी बिब घ्यायचा की स्वतःचंच चॅलेंज ठरवायचं?

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला हेच विचारलं, की एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करायला पळायचंय, तर मोठ्या मॅरेथॉनमध्ये संस्थेकडून मिळणारा चॅरिटी बिब (म्हणजे ठरावीक देणगी जमवायच्या बोलीवर मिळणारा रेसचा प्रवेश) घेऊ का आपलं आपणच काहीतरी ठरवून लोकांकडे मदत मागू? माझं दोन्ही करून झालंय. पहिल्यांदा चॅरिटी बिबवर फुल मॅरेथॉन (४२ किमी) पळालो. त्याच्या पुढच्या वर्षी स्वतःच ठरवलं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक हाफ मॅरेथॉन (२१ किमी), बारा महिने बारा हाफ, कुठलाही इव्हेंट नाही, मेडल नाही, एकट्यानं. दोन्ही वेळा संस्था एकच होती, कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या उपचारांना मदत करणारी, म्हणून मला तुलना करणं जरा सोपं जातंय. ट्रेनिंग प्लॅन, शूज, एनर्जी जेल यांच्यात शिरत नाही, ते तुम्हाला माहीत असणार.

आधी बिबबद्दल चांगलं बोलतो, कारण चांगलं खरंच खूप आहे. प्रवेशाच्या लॉटरीत नंबर लागत नाही, क्वालिफाइंग टाइम आपल्या आवाक्यातला नाही, अशा रेसच्या स्टार्ट लाइनवर उभं राहायचा हा सरळ मार्ग आहे. शिवाय संस्था तुम्हाला एकटं सोडत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत ल्युकेमियासाठी काम करणाऱ्या संस्थेकडून ३८ जणांची एक टीम न्यूयॉर्क मॅरेथॉन पळाली आणि त्यांनी ३ लाख २२ हजार डॉलर उभे केले, त्यातूनच ‘टीम इन ट्रेनिंग’ सुरू झालं, आम्ही तुम्हाला पळायला शिकवतो, तुम्ही आमच्यासाठी पैसे उभे करा. आज बहुतेक मोठ्या संस्था थोड्याफार फरकानं हेच करतात. मलाही ग्रुप मिळाला, कोच मिळाला, रविवारच्या लाँग रनला सोबत मिळाली. रेसच्या दिवशी ३४ किमीच्या आसपास संस्थेची माणसं उभी होती, माझ्या टीशर्टवर संस्थेचं नाव बघून ओळखदेख नसताना जीव तोडून ओरडत होती, आणि त्या क्षणी पाय कुठून चालायला लागले मला सांगता येणार नाही. एकट्यानं केलेल्या बारा हाफमध्ये असा क्षण एकदाही आला नाही. हे मान्य करायलाच हवं.

आता अडचण. बिब घेताना तुम्ही किमान रकमेवर सही करता. ती असण्यामागे कारण आहे, बऱ्याच मोठ्या रेसमध्ये संस्थेला त्या जागा आयोजकांकडून पैसे मोजून घ्याव्या लागतात, त्यामुळे कुणी फारच कमी जमवलं तर संस्थेच्या हातात काही उरत नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही. सही करताना तर अजिबात वाटलं नव्हतं, उलट वाटलं की आकडा समोर असला की आपण नेटानं काम करू.

पहिले दोन महिने मस्त गेले. जवळच्या माणसांनी न मागता दिले, ऑफिसमधून आले, संस्था काय करते हे मी लोकांना समजावून सांगत होतो, लोक प्रश्न विचारत होते. दोन तृतीयांश रक्कम बघताबघता झाली. मग थांबलं. एकदम थांबलं. जे देणार होते ते देऊन झाले होते, मुदत रेसच्या तीन आठवडे आधीची होती, आणि अजून जवळपास तिसरा हिस्सा बाकी होता, तो नाही भरला तर माझ्या खिशातून. मग मी एक यादी केली, त्यात तीन रकाने, ‘दिले’, ‘देतो म्हणाले’ आणि ‘उत्तर नाही’. रोज रात्री ती यादी घेऊन बसायचो आणि मधल्या आणि शेवटच्या रकान्यातल्यांना मेसेज टाकायचो. मेसेज एकच, नाव बदलून. आठवड्यातून एकदा, मग तीन दिवसांतून एकदा. हे सगळं नेमकं त्याच आठवड्यांत, जेव्हा ३० आणि ३२ किमीचे रन असतात, झोप हवी असते, डोकं शांत हवं असतं. ३२ च्या रनमध्ये मी वेळ बघत नव्हतो, मनातल्या मनात कोण किती देईल याची बेरीज करत होतो.

त्या ‘उत्तर नाही’च्या रकान्यात माझा एक जुना मित्र होता. त्याला मी चार मेसेज केले. चौथ्यानंतर पैसे आले, चांगले आले. रेस झाली, सगळं झालं, आणि नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं की त्या काळात त्याची नोकरी गेलेली होती, दोन महिने तो घरी होता. मी त्याला ‘कसा आहेस’ असं एकदाही विचारलं नव्हतं. चार मेसेज केले आणि चारही पैशांचे.

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. संस्थेची यात काहीच चूक नाही, त्यांचे मेल अतिशय नम्र असायचे. पण एकदा आकडा आणि तारीख गळ्यात पडली की मागण्याचा तगादा कधी होतो ते आपल्याला कळत नाही. मागताना समोरचा माणूस दिसत असतो. तगादा लावायला लागलं की फक्त रकाना दिसतो. सगळ्यांचं असंच होईल असं माझं म्हणणं नाही, ज्यांची ओळख दांडगी आहे किंवा ज्यांना हे काम सहज जमतं त्यांना कदाचित हे जाणवणारही नाही. मला मात्र अजून ते खटकतं.

दुसऱ्या वर्षी म्हणून मी किमान रक्कम नसलेलं काहीतरी शोधत होतो. तेव्हा कॅनडाच्या टेरी फॉक्सबद्दल पुन्हा नीट वाचलं. आपण त्याला महान धावपटू म्हणून ओळखतो, पण मला त्याची कॅन्सर संशोधनासाठी पैसे मागायची पद्धत जास्त महत्त्वाची वाटली. १२ एप्रिल १९८० ला तो कॅनडाच्या पूर्व टोकाहून निघाला, कॅन्सरमुळे उजवा पाय कापलेला, एक मित्र व्हॅन घेऊन सोबत, आणि रोज साधारण एक मॅरेथॉन. कुणाच्या रेसचा बिब नाही. सुरुवातीला फारसं कुणी लक्षही दिलं नाही. मग पोर्ट ओ बास्क नावाच्या साधारण दहा हजार वस्तीच्या गावानं दहा हजार डॉलरच्या वर जमवून दिले, आणि त्यातून त्याला कल्पना सुचली की प्रत्येक कॅनडावासीयानं एकच डॉलर द्यावा. एक डॉलर! १४३ दिवसांत ५,३७३ किमी झाल्यावर कॅन्सर फुप्फुसात पसरल्यामुळे त्याला थांबावं लागलं, पण पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४१ लाख डॉलरच्या वर जमा झाले होते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतके. आपली आणि त्याची बरोबरी होऊच शकत नाही, तसं म्हणायचंही नाही मला. पण त्याचं मागणं इतकं छोटं होतं की कुणालाही ‘हो’ म्हणता यावं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मग मी देणग्यांसाठी एक ऑनलाइन पेज तयार केलं आणि त्यावर स्पष्ट लिहिलं की माझा सगळा खर्च माझा, आलेला प्रत्येक पैसा संस्थेला, आणि कितीही कमी चालेल. हे वाक्य जरूर लिहा. पहिल्या वर्षी दोघांनी मला तोंडावर विचारलं होतं की आमचे पैसे तुझ्या रेसच्या फीला जाणार का, आणि मला धड उत्तर देता आलं नव्हतं. दर महिन्याच्या रनआधी मी संस्थेच्या कामाबद्दल चार ओळी टाकायचो, रननंतर एक फोटो. वैयक्तिक मेसेज कुणालाच नाही, ज्याला वाटेल तो देईल. पहिले दोन महिने जवळजवळ काहीच आलं नाही आणि मी जरा खचलो, खोटं कशाला सांगू. चौथ्या महिन्यानंतर हळूहळू हलायला लागलं, कारण लोकांना दिसायला लागलं की हा माणूस पावसातही पळतोय आणि गुडघा दुखत असतानाही पळतोय (सातव्या महिन्यात गुडघ्यापायी रविवार हुकला, तो रन दोन आठवड्यांनी केला आणि तसं पेजवर लिहिलं). बिबवर असतो तर दुखऱ्या गुडघ्यानं त्याच दिवशी पळालो असतो, कारण बऱ्याच ठिकाणी दुखापत झाली तरी किमान रकमेची जबाबदारी सुटत नाही. तुमच्या फॉर्ममध्ये याबद्दल काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचा.

रकमेचं खरं सांगतो. वर्षाच्या शेवटी एकूण रक्कम बिबच्या वर्षापेक्षा कमी भरली, साधारण पाऊणपट. मला जास्तीची आशा होती, तसं झालं नाही. पण देणाऱ्यांची संख्या दुपटीच्या आसपास गेली, त्यातले बरेच मला ओळखतही नव्हते, आणि पाच जणांनी संस्थेला दर महिन्याची देणगी सुरू केली, ती माझं चॅलेंज संपल्यावरही चालू आहे. बिबच्या वर्षी ज्यांनी दिले त्यांनी मला दिले होते. या वेळी बऱ्याच जणांनी त्या मुलांना दिले, असं मला वाटतं. मोजून दाखवता येणार नाही.

तो मित्रही या वर्षी आला. नवव्या रनला शेवटचे पाच किमी माझ्यासोबत पळाला. पैशांचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

चालण्या-सायकलिंगबद्दलही विचारलं जातं म्हणून थोडक्यात. ऑक्सफॅम या मदतसंस्थेचं ट्रेलवॉकर, म्हणजे चौघांच्या टीमनं १०० किमी चालायचं, मूळचा हाँगकाँगमधल्या गुरखा सैनिकांचा १९८१ चा सराव. मी केलेलं नाही, पण रकमेचं ओझं चौघांत वाटलं जातं हे मला पटतं. एकच की चौघांतल्या एकाचे पाय सोलपटले की सगळ्यांचा वेग त्याचा. सायकलची २०० किमीची ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत संपवणं हे चांगलंच कष्टाचं काम आहे, पण सायकल न चालवणाऱ्या माणसाला त्यातले कष्ट समजावताना फार वेळ जातो. ‘मॅरेथॉन’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, आणि देणगी मागताना हा फायदा छोटा नाही.

तर कुणी काय घ्यावं? एखादी ठरावीक मोठी रेस आयुष्यात एकदा पळायचीच असेल, कंपनी तुमच्या देणग्यांइतकीच रक्कम स्वतः घालत असेल, किंवा एकट्यानं सातत्य राहत नसेल, तर बिब घ्या, मनापासून सांगतो. संस्थेलाही एका ठरावीक रकमेची खात्री मिळते आणि त्यावर त्यांना पुढचं काम आखता येतं, ही गोष्ट मी माझ्या नाराजीच्या भरात विसरू नये असं मला सतत वाटतं. बाकी बहुतेकांना मी स्वतःचं चॅलेंज सुचवेन, आणि ते एका दिवसाचं नको, काही महिने चालणारं, म्हणजे लोकांना बघायला आणि विचार करायला वेळ मिळतो. मी पुढच्या वर्षी तेच करणार आहे.

आणि बिबच घेणार असाल तर दोन गोष्टी करा. किमान रकमेतला किती भाग वेळ आली तर स्वतः भरू शकाल ते आधी ठरवा आणि तेवढे पैसे खरंच बाजूला काढून ठेवा, मग शेवटच्या तीन आठवड्यांत हात थरथरत नाहीत. आणि यादी केलीत तर पैशांचा दुसरा मेसेज कुणालाही पाठवण्याआधी त्या माणसाला एक फोन करा, आणि त्या फोनवर पैशांचं काहीही बोलू नका.