लेट्रोझोलचे १४ महिने: गोळीचं एक वेळ सोसेन, पण ती पट्टी!

परवा सकाळी मी कापडाची कात्री औषधाच्या पट्टीला लावली. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. त्या कात्रीनं घरात कुणी साधा कागद कापला तरी मी घर डोक्यावर घेते. तीच मी! वर गोळी मधोमध चिरली आणि अर्धी मशीनखाली गेली. म्हटलं, आता लिहायचंच.

गोळी कशासाठी देतात ते वाचणाऱ्या बहुतेकींना ठाऊक असेल. स्तनाचा कॅन्सर, पाळी गेलेली, गाठ हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेनसारख्या बायकी हार्मोनवर वाढणारी), ऑपरेशन-केमो-रेडिएशन उरकलेलं, आता रोज २.५ मिलिग्रॅम, पाच वर्षं. पाळी गेल्यावरही चरबीत वगैरे थोडं इस्ट्रोजेन तयार होत असतं, ते ही बंद करते. आणि इस्ट्रोजेन आटलं की सांधे कुरकुरतात.

पहिले दोन महिने काही नाही. सगळ्यांना सांगत सुटले, केमोपुढं ही म्हणजे साबुदाणा. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मूठच वळेना. पलंगापासून मोरीपर्यंत भिंत धरून जायचं, गरम पाण्यात हात घातले की अर्ध्या तासानं बोटं माझी व्हायची. उजव्या हाताचं मधलं बोट तर वाकलं की अडकायचं, डाव्या हातानं ओढलं की 'कट्' करून सुटायचं. ह्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. हूक लावायला सुई धरता येईना. ऐन लग्नसराईत १९ ब्लाउजपीस लोकांना परत दिले.

रात्री एकच धास्ती, कॅन्सर हाडात तर उतरला नाही ना? डॉक्टरीणबाईंनी समजावलं: दोन्ही हात, दोन्ही गुडघे सारखे दुखतात, सकाळी जास्त, हालचाल केली की कमी, म्हणजे हे गोळीचं. एकाच जागी, रात्री वाढत जाणारं दुखणं आलं तर थांबू नका, लगेच या. वर म्हणाल्या, साधारण निम्म्या बायकांना होतं. अहो, निम्म्या बायकांना होतं तर पहिल्या दिवशीच सांगायचं ना!

आता पट्टी. दोन्ही बाजूंनी जाड अल्युमिनियम. गोळी दिसत नाही, अंगठ्यानं दाबून फुटत नाही, कोपरा नखानं सोलायचा. केमोनंतर नखं आलीत ती कांद्याच्या सालीसारखी. ज्या गोळीनं बोटं आखडतात तिचंच वेष्टण उघडायला पैलवानाची बोटं हवीत! कंपनीला फोन केला. दहा मिनिटं गाणं ऐकवलं, मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ओलाव्यापासून संरक्षणासाठी आहे." म्हटलं, बाळा, ओलाव्यापासून वाचली आणि पेशंटपासूनही वाचली. तक्रार नंबर मिळाला. उत्तर अजून यायचंय.

बाकी उपाय पटकन सांगते. शेजारच्या काकूंचं वाताचं तेल: कापडाला डाग, सांध्याला शून्य. ड जीवनसत्त्व कमी निघालं, ६०,००० युनिटच्या पुड्या घेतल्या. हाडांसाठी हव्याच, दुखण्याला फरक नाही. हात शेकायचं गरम मेणाचं मशीन मुलगा आणत होता, नको म्हटलं. पातेलं आहे, गॅस आहे.

आणि एक कबुली. एकदा नऊ दिवस गोळी गुपचूप बंद ठेवली होती. घरात कुणाला कळलं नाही, उरलेल्या गोळ्या मोजून डॉक्टरीणबाईंनीच पकडलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चोरून नऊ दिवस कशाला ताई, सांगून तीन आठवडे बंद ठेवू. मग दुसरी देऊन बघू."

अडीच महिन्यांनी:

वरचं तसंच ठेवते, पण मत जरा बदललंय. सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात मूठ वळली. मग एक्झेमेस्टेन, २५ मिलिग्रॅम, जेवणानंतर. काम तेच करते, पण एक सोसत नाही तिला दुसरी सोसू शकते म्हणे. मला सोसली. दुखणं परत आलं, पण निम्मं. महिन्याचा खर्च मात्र वाढला, त्याचं दुखणं वेगळं.

डॉक्टरीणबाई "चाला" म्हणाल्या तेव्हा खरं तर राग आला होता. गुडघे दुखतात म्हणून आले आणि ही बाई चालायला सांगते! मग त्यांनी अमेरिकेतला २०१५ साली छापून आलेला अभ्यास सांगितला. ह्याच जातीच्या गोळ्या घेणाऱ्या १२१ बायका, त्यातल्या निम्म्यांना वर्षभर आठवड्याला १५० मिनिटं चालणं-बिलणं आणि दोन दिवस वजनं. त्यांचं दुखणं २९ टक्के उतरलं, बाकीच्यांचं होतं तिथंच. मी वजनं विकत आणली नाहीत. लिटरची बाटली पाण्यानं भरली की किलो होतो. पहिले पंधरा दिवस शिव्या घालत केलं. आता सकाळी बोटं मोकळी व्हायला लागायचा तो अर्धा तास दहा मिनिटांवर आलाय. बोट मात्र अजून कधीमधी अडकतं.

गेल्या आठवड्यात दोन ब्लाउज घेतले, साधे, बिनअस्तराचे. हूक जाऊबाईंनी लावले.

आणि हो, नवी पट्टी अंगठ्यानं फुटते! गोळी दिसतेसुद्धा. कात्रीला धार लावून आणली. धारवाल्यानं पातं उन्हात धरलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, पत्रा कापला काय?"

हो म्हटलं.