गणपतीला जोडीदार येतोय: महिन्याचा ई-व्हिसा की वर्षाचा?

मालवणची मैत्रीण या प्रश्नात अडकली होती. तिचा जर्मन जोडीदार गणपतीला यायचा, मग जमलं तर शिमग्यालाही.

खर्चात ३० दिवसांचा ई-टूरिस्ट व्हिसा स्वस्त. दोन्हींचं शुल्क परत मिळत नाही, म्हणून पासपोर्टवरचं नाव दोनदा तपासा. महिन्याच्या व्हिसावर दोनदाच प्रवेश, मुदतही वाढत नाही. त्यात अर्ज भारतात येण्याआधीच्या ३० दिवसांतच करायचा. वर्षाच्या व्हिसासाठी १२० दिवस आधी करता येतो, प्रवेश कितीही वेळा. फक्त घड्याळ मंजुरीच्या दिवसापासून चालू, आगमनापासून नाही. घाई करू नका.

गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरलं तर मालवण जवळ. घरी राहणार असेल तर २४ तासांत ऑनलाइन नोंद यजमानानेच करायची, हे आईला आधीच सांगा.

फक्त गणपती? महिन्याचा. शिमगाही? वर्षाचा.