पगारपत्रक एजन्सीकडे की आपल्याच एचआरकडे?

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, हा प्रश्न दरवर्षी निघतो. माझं मत पक्कं आहे: हिशेब बाहेर द्यावा, माणसं देऊ नयेत.

हिशेबात एजन्सी सरस. पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) यांचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हायला हवा. ईएसआयचे मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के काढणं हे त्यांचं रोजचंच काम.

पण साचे बनवणारा मोल्डर बायकोच्या बाळंतपणासाठी ॲडव्हान्स मागायला येतो, तेव्हा त्याला हेल्पलाइनचा नंबर देऊन काय उपयोग? आमच्या टाइम ऑफिसातले काका हजेरीपत्रकावरून मान वर करून विचारतात, "काय रं, परवा नाइटला आला न्हाईस. घरात बरं हाय न्हवं?" असली विचारपूस करारात लिहून मिळत नाही. कामगार टिकतो तो यामुळंच.

एकदा एजन्सीनं एकाच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं, आधारशी जुळेना. पोरीच्या लग्नाला पीएफ काढायचा होता; तो आमच्याच दारात उभा राहिला. भरणा एजन्सीकडून चुकला तरी कायद्यानं जबाबदार मालकच. म्हणून त्यांचं बिल मंजूर करण्याआधी चलनाची पावती आणि कामगारांची यादी आम्ही स्वतः ताडून बघतो.