लाँग-ईझी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बर्ट रुटान यांच्या आराखड्याचं हे विमान १९७९ मध्ये पहिल्यांदा उडालं. फोमवर फायबरग्लास आणि इपॉक्सी, पुढे छोटा कॅनार्ड पंख, मागे ढकलणारा प्रोपेलर. माझ्या वापरातल्या विमानाला लायकॉमिंग ओ-२३५ इंजिन आणि लाकडी, स्थिर पिचचा (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रोपेलर आहे. उपयोग जवळपास सगळा लांब पल्ल्याचा. त्यासाठी इतक्या कमी इंधनात इतकं चांगलं दुसरं विमान मला माहीत नाही. पण ते वाटेल तिथे उतरवता येत नाही, म्हणून प्रवासाची आखणी उतरायच्या धावपट्टीपासून उलटी सुरू करावी लागते.

आधी वेगाबद्दल. याला फ्लॅप (उतरताना वेग कमी ठेवणाऱ्या पंखांच्या झडपा) नाहीत आणि अंगाला हवेचा विरोध फार कमी. नाक खाली केलं की वेग लगेच चढतो, उतरायला मात्र वेळ घेतो. त्यामुळे सर्किटमध्ये (उतरण्यापूर्वी धावपट्टीभोवती घ्यायच्या फेरीत) शिरण्याच्या ३-४ मैल आधीच ९० नॉटवर (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) यावं. पोटाखालचा लँडिंग ब्रेक (हवेचा विरोध वाढवणारी फळी) ९० नॉटच्या आतच उघडायचा. फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ येताना, ७५ नॉट, झोतदार वाऱ्यात ८०. इथे ५ नॉट जास्त ठेवले तर विमान धावपट्टीवर तरंगत बरंच पुढे जातं. वेग मारण्यासाठी दोन्ही पेडल एकदम दाबता येतात. याचे दोन्ही रडर (दिशा देणारी सुकाणू) स्वतंत्र आणि फक्त बाहेरच्या बाजूला वळणारे असल्याने ते हवेत ब्रेकचं काम करतात. पण त्याच पेडलच्या शेवटच्या टप्प्यात चाकांचे ब्रेक लागतात. टेकण्याआधी पाय सोडले नाहीत तर चाकं जाम अवस्थेत जमिनीला लागतील आणि टायर जातील. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, अगदी थोडा. नेहमीच्या विमानासारखं नाक उचलत, वेग संपेपर्यंत धरून ठेवायचं इथे चालत नाही. नाक जास्त वर गेलं तर मागचा प्रोपेलर धावपट्टीला घासतो. आणि उंचावर असतानाच वेग संपला तर आधी कॅनार्ड स्टॉल होतो (त्याची उचल जाते), नाक पडतं आणि सगळा भार पुढच्या चाकावर येतो. मागची चाकं साधारण ६० नॉटच्या आसपास टेकवावीत, नाक क्षणभर धरावं आणि कॅनार्डमध्ये जोर आहे तोवरच हाताने खाली आणावं. ते आपोआप पडेपर्यंत थांबलात तर आदळतं. विमान उसळलं तर स्टिकने त्याचा पाठलाग करू नका. साइड-स्टिकची (बाजूला बसवलेल्या नियंत्रण-दांडीची) हालचाल इतकी हलकी आहे की दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी होते. स्थिती तशीच ठेवा, थोडी पॉवर द्या, नाहीतर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर.

पुढचं चाक मोकळं फिरणारं आहे; जमिनीवर दिशा ब्रेकनेच द्यायची. त्याच्या खिळीतलं घर्षण नियमित तपासावं. ते सैल झालं की शिमी (चाकाची जोरदार थरथर) सुरू होते आणि चाक धरणारा काटा तुटू शकतो. आडव्या वाऱ्यात लांब टॅक्सी करताना एकच ब्रेक सतत दाबला जातो, डिस्क तापते आणि ती उष्णता शेजारच्या फायबरग्लासच्या गिअर-पायात शिरते. इपॉक्सी मऊ पडली की पाय हळूहळू फाकतो. उष्णतारोधक आवरण नसेल तर ते आधी बसवा. ब्रेक दाबून धरण्यापेक्षा थोडा वेळ जोरात लावून सोडलेला बरा.

किमान ३,००० फूट पक्की धावपट्टी, हा माझा नियम. खडी आणि गवत टाळाच, कारण चाकांनी उडवलेला प्रत्येक खडा मागच्या प्रोपेलरकडे जातो. समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांवर, प्रमाण तापमानात, वेगमापकावर तोच वेग ठेवूनही जमिनीवरची धाव सुमारे १६ टक्के वाढते. उन्हाळ्यात त्याहून जास्त.

आता प्रवासाचं गणित. दोन्ही टाक्या मिळून ५२ गॅलन, म्हणजे सुमारे १९७ लिटर. पण दोघं बसले की टाक्या भरता येत नाहीत. एकूण मर्यादा १,३२५ पौंड, म्हणजे ६०१ किलो. रिकामं विमान ३४० किलो धरलं, दोन माणसं १५४ आणि सामान १५, तर इंधनाला ९२ किलो उरतात, सुमारे १२८ लिटर. ताशी २३ लिटर खर्च आणि पाऊण तासाचा राखीव साठा धरून ४.८ तास. १४५ नॉटने वारा नसताना १,३०० किलोमीटरच्या जवळपास. एकट्याने यापेक्षा बराच लांब पल्ला मारता येतो, पण शरीर आधी थकतं. पुढच्या सीटवरचा वैमानिक हलका असेल तर नाकात बॅलास्ट (तोल साधायचं वजन) लागतं. गुरुत्वमध्य मागे गेलेलं हे विमान धोक्याचं आहे, तो आकडा प्रत्येक उड्डाणाआधी मोजाच.

इंधनाची टाकी निवडायचा खटका फक्त डावी किंवा उजवी टाकी देतो, दोन्ही एकत्र नाहीत. दर अर्ध्या तासाने बदलायचं आणि बदलल्याची वेळ लिहायची. बदल उंचीवर असताना करावा, सर्किटमध्ये नव्हे. टाक्यांचे पारदर्शक दर्शक खांद्यावरून मागे वळून पाहावे लागतात; प्रवाशालाही ते वाचायला शिकवा.

विकत घेणाऱ्याने कॅनार्डचा प्रोफाइल (छेदाचा आकार) कुठला, हे पहिल्यांदा विचारावं. जीयू नावाच्या जुन्या प्रोफाइलच्या कॅनार्डवर पाऊस पडला की उचल कमी होते, नाक खाली झुकतं आणि धाव लांबते. जॉन रॉन्झ यांनी आखलेल्या नव्या कॅनार्डने हा त्रास बहुतांशी जातो. पावसात आरपीएम कमी ठेवा, लाकडी प्रोपेलरची पुढची कड थेंबांनी खरवडते. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, तेव्हा प्रोपेलर बोल्टचं टॉर्क (आवळणीचा जोर) पुन्हा तपासा. काउलिंगचा (इंजिनावरच्या आवरणाचा) एक स्क्रू सुटला तरी तो थेट पात्यांत जातो, म्हणून एक्झॉस्टचे नट आणि काउलिंगचे स्क्रू उड्डाणापूर्वी हाताने चाचपून पाहावेत. कॅनोपीची (बैठकीवरच्या पारदर्शक झाकणाची) कडी लागल्याची खात्री डोळ्यांनीही करा आणि हाताने वर ढकलूनही करा. कडी न लागल्याचा इशारा देणाऱ्या हॉर्नवर एकट्यावर विसंबू नका.