कूलर चालू असताना दाखवायच्या डिस्क: आठ महिन्यांनंतर

५.१.२ चा स्पीकर सेट (भोवती पाच, खर्जासाठी एक सबवूफर म्हणजे सब, आणि वरून आवाज देणारे दोन) आणि फोर-के ब्ल्यू-रे प्लेअर ऑक्टोबरपासून वापरात आहे. तेव्हाचं ठाम मत होतं की सेटची करामत ऐकवायला पाहुण्यांना सिनेमातला शांत प्रसंग दाखवावा, ढिशूम-ढिशूम काय कुठेही ऐकायला मिळतं. मे महिन्यात हे मत गुंडाळून ठेवावं लागलं. कारण कूलर.

४५ अंशांत कूलर बंद करून नागपूरकराला सोफ्यावर बसवणं म्हणजे छळ. पंख्याची घरघर, ताट्यांवरून गळणारं पाणी, शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते म्हणून रस्त्यावरचे हॉर्नही आत. मागच्या स्पीकरमधली बारीक कुजबूज यात पार गडप होते. आवाज वाढवला तर पुढच्या स्फोटाला आजी दचकतात. मग कुणीतरी नाइट मोड लावतो, आणि ज्या हळू-मोठ्या आवाजातल्या फरकासाठी एवढे पैसे मोजले, तोच सपाट होतो.

म्हणून 'ग्रॅव्हिटी' (२०१३) ही हिवाळ्याची डिस्क. विकत घेताना पाकीट नीट वाचा: साध्या ब्ल्यू-रेवर डीटीएस-एचडी ५.१ (फक्त भोवतालचा आवाज) आहे, अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) २०१५ च्या विशेष आवृत्तीत आलं. उन्हाळ्यात 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मधलं धुळीचं वादळ लावा, कूलरला पुरून उरतं. त्याच्या साध्या ब्ल्यू-रेवरही अ‍ॅटमॉस आहे, निव्वळ आवाजासाठी महागडी फोर-के घ्यायची गरज नाही.

'एज ऑफ टुमारो' सुरू होतानाच २० हर्ट्झच्या खाली, म्हणजे ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवणाऱ्या खर्जात जाते. प्रसंग शोधत बसावं लागत नाही ही सोय, पण आठ इंची सब असेल तर त्याच्या पोर्टमधून (हवेच्या भोकातून) फसफस येते आणि शोकेसच्या काचा थरथरतात. सबची पातळी आधीच ३ डीबी खाली घ्या.

खरी बाजी मारली 'प्लॅनेट अर्थ २'ने. पहिल्या भागात इग्वानाच्या पिल्लामागे साप लागतात, तिथे पोट्टे आणि आजोबा दोघंही सोफ्याच्या कडेवर येतात. अ‍ॅटमॉस नाही, साधं ५.१, आजवर एकानेही विचारलं नाही.

आयात केलेली फोर-के डिस्क इथे बिनधास्त चालते, तिला रिजनचं (ठरावीक देशांपुरतीच डिस्क चालू देणारं) कुलूप नसतं. सोबतच्या साध्या ब्ल्यू-रेचा मात्र भरवसा नाही. भारत रिजन सी, अमेरिका ए.

अ‍ॅटमॉसची अक्षरं अ‍ॅम्पवर (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या डब्यावर) उमटली नाहीत तर स्पीकरवाल्याला फोन करण्याआधी प्लेअरमध्ये सेकंडरी ऑडिओ (मेन्यूचे वगैरे जादा आवाज मिसळणारी सोय) बंद करा, आउटपुट बिटस्ट्रीमवर ठेवा, म्हणजे डिस्कवरचा आवाज प्लेअरने न उलगडता तसाच पुढे जातो. मग डिस्कच्या मेन्यूतला ट्रॅक बघा. काही डिस्क मुकाट्याने साध्या डॉल्बी ५.१ वर सुरू होतात. प्लेअर टीव्हीला आणि तिथून अ‍ॅम्पला जोडला असेल तर ईएआरसी (टीव्हीतून आवाज बाहेर नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीचा, एआरसीचा, सुधारित प्रकार) लागेल, नुसत्या एआरसीतून ट्रूएचडी, म्हणजे डिस्कवरचं अ‍ॅटमॉस ज्यातून येतं तो ट्रॅक, जात नाही.

आता प्लेअरबद्दल. पाहुण्यांसमोर ऐन मध्यावर चित्र गोठलं. सर्व्हिस सेंटरने लेन्स बदलायला सांगितलं, खर्च ऐकून घाम फुटला. उपाय निघाला चष्मा पुसायच्या फडक्यात. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, माहितीचा पहिला थर संपला की दुसरा थर बाहेरून आत. म्हणजे थर बदलतो तो बाहेरच्या कडेशी, नेमकी जिथे आपण बोटं लावतो. मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल फिरवायचं नाही. कूलरच्या झोतात डिस्क उघडी ठेवली तर खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपकेही पडतात, ते वेगळंच.

सक्तीच्या सूचना आणि जाहिराती पुढे ढकलता येत नाहीत, हा वैताग आठ महिन्यांत कमी झालेला नाही. बऱ्याच डिस्क स्टॉप केल्यावर जागाही विसरतात. पाहुणे यायच्या आधीच प्रसंग लावून पॉजवर ठेवा, स्टॉप दाबू नका.

आणि शांत प्रसंगाचा हट्ट उन्हाळ्यातही असेलच, तर आधी दहा मिनिटं पंप चालवून ताट्या चिंब भिजवा, मग पंप बंद आणि पंखा लोवर. चार मिनिटांच्या प्रसंगापुरता गारवा टिकतो.