सिम लावायचं मशीन दुकानात घेऊ नका: माझे २,७७,०६४ रुपये गेले आणि नोटीसही मलाच आली

एका माणसाने माझ्याकडून २,९७,८०० रुपये नेले. त्यातले २०,७३६ त्यानेच 'कमिशन' म्हणून परत दिले, म्हणजे निव्वळ गेले २,७७,०६४. एवढं होऊन पोलिसांच्या कागदावर माझं नाव फसलेला म्हणून नाही, बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज चालवणारा म्हणून आहे. घरचे म्हणतात, लिहू नको, आधीच गावात तोंड दाखवायची चोरी झालीय. पण हाच माणूस, नाहीतर याच्याच टोळीतलं कोणी, संकेश्वर-चिकोडीकडच्या दुकानदारांना गाठतंय असं कानावर आलं. म्हणून लिहितोय.

निपाणी भागात माझं मोबाईल रिपेरिंग आणि रिचार्जचं दुकान आहे. रिचार्जमध्ये आता काय उरलंय ते धंद्यातल्यांना सांगायला नको, जो तो आपल्या फोनवरून स्वतःच मारतो. अशा वेळी ओळखीतून एक माणूस आला. कोल्हापूरकडची बोली, इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप. लबाड वाटावा असं काहीच नव्हतं.

सीमाभागातल्या माणसाला सर्कल, म्हणजे मोबाईल कंपन्यांचा राज्यवार विभाग, काय असतो ते शिकवावं लागत नाही. कोगनोळी नाका ओलांडला की टॉवर महाराष्ट्राचा. पूर्वी मोबाईलवरून इथून कागलला बोलायचं तर एसटीडी लागायची आणि कागलला गेलं की रोमिंग. त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. म्हणाला, "दादा, एका कंपनीचं जाळं दुसरीच्या जाळ्याला जिथं जोडतात ना, खरा पैसा तिथं असतो. तुमचं दुकान दोन सर्कलच्या तोंडावर आहे." पुढे त्याने २०१६ ची गोष्ट काढली. तेव्हा जिओला जोडणीचे पुरेसे पॉइंट दिले नाहीत म्हणून ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या तिघांवर मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली होती. ही बातमी खरी आहे, माझ्याही वाचनात आली होती. "जोडणीसाठी एवढी भांडणं होतात, म्हणजे त्यात माल किती असेल बघा," म्हणाला.

मी काही लगेच मान डोलावली नाही. मी त्याला सरळ विचारलं, आययूसी तर बंद झाला ना? आययूसी म्हणजे दुसऱ्या कंपनीचा कॉल आपल्या ग्राहकापर्यंत पोचवल्याबद्दल कंपनीला मिळणारा मिनिटाचा आकार. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओने दुसऱ्या नेटवर्कवर बोलायला मिनिटाला ६ पैसे लावले तेव्हा १० रुपयांत १२४ मिनिटांची व्हाउचरं मीच विकली होती. १ जानेवारी २०२१ पासून तो आकार शून्य झाला आणि ते सगळं संपलं. हे मला ठाऊक होतं, कुणी सांगायची गरज नव्हती. तर हा शांतपणे म्हणाला, "देशातला शून्य झाला दादा. परदेशातून येणाऱ्या कॉलचा चालूच आहे, मिनिटाला ३५ ते ६५ पैसे." मी ट्रायच्या साइटवर जाऊन बघितलं. आकडा बरोबर निघाला, मे २०२० पासून तोच आहे. त्याने सगळंच खोटं सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे पकडला असता. त्याने नऊ गोष्टी खऱ्या सांगितल्या आणि दहावी गिळली.

ती दहावी गोष्ट आता ऐका. परदेशी कॉल देशात आणायचा हक्क फक्त आंतरराष्ट्रीय लायसन्स असलेल्या कंपन्यांना आहे आणि त्या लायसन्सची नुसती प्रवेश फी अडीच कोटी आहे. तो कॉल त्यांच्या गेटवेतूनच यावा लागतो. तिथे त्याची नोंद राहते, गरज पडली तर सरकारला तो तपासता येतो. या टोळ्या तोच कॉल इंटरनेटवरून आणतात, दुकानातल्या मशीनमध्ये सोडतात आणि मशीन आतल्या साध्या सिमवरून पुढे नंबर लावतं. सिमवर अनलिमिटेड पॅक असतो. समोरच्या कंपनीला वाटतं कॉल गावातलाच आहे, म्हणून तिला मिळतं शून्य. मधले ३५ ते ६५ पैसे टोळीच्या घशात जातात. यालाच सिम बॉक्स म्हणतात. त्याच्या तोंडून हा शब्द एकदाही आला नाही. तो म्हणायचा 'इंटरकनेक्ट पार्टनर पॉइंट'.

मशीनचे १,८५,०००. पार्टनर रजिस्ट्रेशन २५,०००. दोन्हीवर १८ टक्के जीएसटी ३७,८००. झाले २,४७,८००. वर परत मिळणारं म्हणून डिपॉझिट ५०,०००. इन्व्हर्टर-बॅटरीला माझे वेगळे २२,५०० गेले ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. दीड लाखासाठी बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत तारण आहेत आणि व्याज चालू आहे.

त्याचा हिशेब असा होता: ३२ लाइन, रोजचे १० तास, म्हणजे १९,२०० मिनिटं. मला मिनिटाला १२ पैसे, म्हणजे दिवसाला २,३०४ रुपये. कागदावर कुणालाही पटेल. पावती छापील होती आणि तिच्यावर जीएसटी नंबरही होता. तो नंबर पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते जागच्या जागी दिसतं. मी टाकला तो नंतर. निघालं एका कापड दुकानाचं नाव. कुणीही पावती दिली तर तो माणूस समोर बसलेला असतानाच नंबर तपासा.

मशीन म्हणजे सपाट काळी पेटी. मागे बारक्या अँटेनांची रांग, पुढे सिमचे खाचे, प्रत्येकावर एक हिरवा दिवा. कॉल लागला की दिवा लुकलुकायचा. आतला पंखा सतत घरघरायचा आणि पेटी इतकी तापायची की वर हात ठेववत नसे. सिमं ३२ लागायची. एका माणसाच्या नावावर ९ च्या वर चालत नाहीत हे मी सिम विकणारा, मला माहीत. माझं आणि बायकोचं एकेक आधीच होतं म्हणून दोघांच्या नावावर आठ-आठ काढली. उरलेली १६ तो पाकिटात घालून घेऊन आला. "कंपनीची कॉर्पोरेट कनेक्शनं आहेत," म्हणाला. कॉर्पोरेट सिमं असतातच, आम्ही रोज बघतो, त्यामुळे शंका घ्यावी असं त्यात काही नव्हतं. आज तपासात कळतं की ती सोळा सिमं ज्यांच्या नावावर आहेत त्यांना त्यांचा पत्ताही नाही.

पहिला हप्ता ९,२१६ आला, दुसरा ११,५२०. दोन्ही यूपीआयने आणि दोन्ही कुणातरी खासगी व्यक्तीच्या खात्यावरून. कंपनी पैसे देतेय तर खातं कंपनीचं का नाही? हा प्रश्न तुम्ही विचारा, आणि पैसे द्यायच्या आधी विचारा.

आणि आता ते, ज्याने मला आजही रात्री झोप लागत नाही. शेजारच्या गल्लीतल्या मावशी रिचार्जला आल्या होत्या. त्यांचा मुलगा दुबईला आहे. तिकडे व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही, म्हणून पोरं स्वस्त कॉलिंगची ॲपं वापरतात. मावशींनी फोन माझ्यापुढे धरला. "बघ रे, पोराचा फोन येतोय पण नंबर इकडलाच दाखवतोय. मला न सांगता गावाकडं आलाय की काय हा?" मी बघितलं. +९७१ नव्हतं. साधा दहा आकडी नंबर, ९ ने सुरू होणारा. माझ्या मशीनमधला नव्हता, पण होता अगदी तसाच. मागे पेटीचा पंखा घरघरत होता, दिवे लुकलुकत होते, आणि मी मावशींना म्हणालो, नेटवर्कचा घोटाळा असेल मावशी. त्या पिशवी उचलून गेल्या. मी त्याच क्षणी वायर उपसायला हवी होती! दुबईचा फोन इथल्या नंबरावरून वाजतोय, म्हणजे मधे बसून कुणीतरी ओळख पुसतंय, आणि माझ्या दुकानातही तेच चाललंय, याहून स्पष्ट काय हवं होतं? आज पोराचा फोन येतो. उद्या 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांचा, म्हणजे फोनवर पोलीस बनून पैसे उकळणाऱ्यांचा, त्याच वाटेने येईल, आणि नंबर निघेल माझ्या बायकोच्या नावावरचा. मी संध्याकाळी त्या माणसाला विचारलं. "तोच तर इंटरकनेक्ट, दादा. आपल्यासारखाच दुसरा पॉइंट असेल कुठंतरी," म्हणाला. त्याच्या लॅपटॉपवर कंपनीचं लायसन्स बघितलं होतं, दोनदा पैसे हातात पडले होते, मग माणूस विश्वास ठेवणार नाही तर काय करणार? लायसन्सची कुणीही झेरॉक्स दाखवतो. दूरसंचारची लायसन्सं केंद्राच्या सरल संचार पोर्टलवरून मिळतात, आणि दुसऱ्याचं लायसन्स तुमच्या दुकानाला लागू होत नाही.

पुढचं पटापट झालं. एकेक सिम बंद पडायला लागलं. एकाच टॉवरखाली एवढी सिमं, सगळीकडून फक्त जाणारे कॉल, येणारा एकही नाही. कंपन्यांच्या यंत्रणेला हे दिसतंच. त्याला फोन केला तर "नवीन सिमं काढा," मग "बघतो," मग स्विच ऑफ. नंतर दूरसंचार खात्याची माणसं पोलिसांना घेऊन आली, पंचनामा झाला, पेटी गेली, माझा फोन गेला, सिम विकायची माझी आयडीही बंद झाली. बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याच्या कलम ३५(३) ची, चौकशीला हजर राहायची नोटीस हातात पडली. दूरसंचार कायदा २०२३, कलम ४२: परवानगीशिवाय जाळं चालवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे त्या इस्त्रीच्या शर्टवाल्याला नाही, मला वाचून दाखवलं.

आता माझी तक्रार कोण घेणार? अलीकडच्या ठाण्यात सांगितलं, पैसे महाराष्ट्रातल्या खात्यात गेलेत, तिकडे जा. पलीकडच्या ठाण्यात सांगितलं, व्यवहार कर्नाटकात झालाय, तिकडे जा. नव्या बीएनएसएसच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंदवून घ्यावाच लागतो. हे मी कागदावर लिहून नेलं. साहेबांनी कागद न वाचता बाजूला सारला. मराठीत लिहिलेला अर्ज परत केला, कन्नडमधून लिहून आणा म्हणाले. पैसे मोजून तो लिहून आणला तर "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या. उद्या गेलं की साहेब बंदोबस्ताला. अर्जाची पोच मागितली तर आवाज चढला, "तुम्ही आरोपी आहात की फिर्यादी, ते आधी ठरवा." मी का ठरवू? ते ठरवायलाच तर तुम्हाला खुर्ची दिलीय! मी त्याचं नाव दिलं, खाते क्रमांक दिला, चॅटच्या प्रिंट दिल्या, ज्या गाडीतून आला तिचा नंबर दिला. पेटी उचलायला दूरसंचार खात्यापासून ठाण्यापर्यंत सगळे एकत्र येतात. खातं गोठवायला मात्र एकालाही फोन उचलवत नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. तिथे पहिला प्रश्न पैसे कधी गेले हा, कारण लगेच कळवलं तरच वाटेत अडवता येतात. माझे तर आरटीजीएसने, माझ्या सहीने आणि कधीचे गेलेले. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार घेत नाही. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये संशयित कॉल कळवता येतो, पण पैसे गेले असतील तर तेच पान १९३० कडे पाठवतं. मग १९३० वाले पाठवतात ठाण्यात.

संचार साथीचा एक उपयोग मात्र आजच करून घ्या. आपल्या नावावर किती सिमं आहेत ते तिथे दिसतं, नको असलेलं तिथूनच कळवता येतं. घरातल्या प्रत्येकाचं बघा, म्हाताऱ्यांचं आधी. त्या पाकिटातली सोळा सिमं अशाच कुणाच्या तरी आधारवर निघाली होती. आणि परदेशातल्या माणसाचा फोन देशी नंबरावरून आला तर मावशींना मी दिलं तसं उत्तर देऊ नका. त्याच पोर्टलवर तो कळवायची सोय आहे.

जाळ्यावर धंदाच करायचा असेल तर पीएम-वाणी आहे. दुकानात वायफाय लावून लोकांना इंटरनेट विकायचं, त्याला लायसन्स नाही, फी नाही. कमाई थोडी आहे, पण रात्री दारावर कुणी येत नाही. 'घरबसल्या मिनिटाला पैसे' म्हणणाऱ्याला एकच विचारा: या मिनिटाचे पैसे कुठली कंपनी कुणाला देते, ते लेखी दे. देणार नाही.

चिकोडी, हुक्केरी, कागल, गडहिंग्लज, कुठेही कुणाच्या दुकानात ही पेटी आत्ता चालू असेल, तर आधी तिची वायर काढा. पेटी विकू नका, फोडू नका, सिमं फेकू नका आणि चॅट पुसू नका. पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि त्याचे सगळे नंबर कागदावर उतरवा आणि पथक यायच्या आत वकिलाला सोबत घेऊन स्वतः ठाण्यात जा. अर्ज दोन्ही भाषांत लिहून न्या, एक प्रत टपालाने रजिस्टर करून पाठवा, पोच जपून ठेवा. आणि मला कळवा. एकट्याचा अर्ज ते बाजूला सारतात, आठ-दहा दुकानदार एकत्र गेलो तर तो खाते क्रमांक कुणाला तरी तपासावाच लागेल.