एका आयरिश गावच्या क्लबाची स्मरणिका

आयर्लंडमधल्या एका ग्रामीण क्रीडा क्लबाने स्वतः छापलेला हा इतिहास मला फोर्टच्या पदपथावर जुन्या पुस्तकांत साडेतीनशे रुपयांना मिळाला, आणि लालबाग-परळच्या कबड्डी मंडळांच्या स्मरणिका जपून ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, असे मला मनापासून वाटते.

हर्लिंग (काठी-चेंडूचा खेळ) आणि गेलिक फुटबॉल (हात-पाय दोन्ही वापरून खेळायचा फुटबॉल) या तिथल्या देशी खेळांची संघटना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी परगण्यातल्या थर्ल्स गावी, मायकेल क्युसॅक यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. पुस्तकाची सुरुवात तिथूनच होते, पण लेखक मंडळी लगेच आपल्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या गावे-वाड्यांमध्ये, परततात. ही पॅरिशची वेसच क्लबाची हद्द ठरली, आणि खेळाडूंना खेळण्याचा पगार न देण्याची प्रथा आजही टिकून आहे.

सर्वांत मोलाचे प्रकरण स्थलांतराचे आहे. संघाच्या प्रत्येक छायाचित्राखाली खेळाडूच्या नावापुढे त्याची वाडी आणि पुढे तो जिथे गेला ते शहर दिले आहे, आणि पाने उलटता उलटता वाड्यांची नावे तीच राहतात, पण त्यांच्यापुढे लंडन, बोस्टन, न्यूयॉर्क ही नावे वाढत जातात. गणपतीला चाकरमानी आल्याशिवाय ज्या कोकणातल्या गावाचा संघ उभा राहत नाही, तिथल्या माणसाला यातले दुःख कोणी समजावून सांगावे लागणार नाही. आपल्या स्मरणिकांत छायाचित्राखाली बहुधा ‘विजेता संघ’ एवढेच छापलेले असते आणि दोन पिढ्यांनी त्यातले चेहरे कोणालाच ओळखता येत नाहीत, म्हणून मंडळांनी निदान ही एक पद्धत तरी उचलावी.

उणिवाही आहेत. आपल्या ओळखीचा फुटबॉल (सॉकर), रग्बी, क्रिकेट अशा ‘परकीय’ खेळांत भाग घेणाऱ्या सदस्यांवर बंदी घालणारा संघटनेचा नियम १९७१ पर्यंत होता. गावातली किती माणसे त्यापायी दुरावली असतील, याचा विचार न करता तो अर्ध्या पानात आटोपला आहे. कॅमोगी हा स्त्रियांचा हर्लिंगसारखा खेळ १९०४ पासून संघटित असूनही त्याच्या वाट्याला केवळ नावांची यादी आली आहे. हे मला खटकले.

धावसंख्येसारखे दिसणारे ‘२-९’ हे आकडे नवख्याला गोंधळात टाकतील: दोन गोल आणि नऊ गुण, एका गोलाचे तीन गुण, म्हणजे एकूण पंधरा. पुस्तकात हा खुलासा नाही, वाड्यांचा नकाशा नाही आणि नामसूचीही नाही. कागद गुळगुळीत असून छायाचित्रे स्वच्छ उमटली आहेत. माझ्या प्रतीची बांधणी मात्र मधोमध सैल झाल्यामुळे ती दादरच्या बांधणीवाल्याकडून नव्याने शिवून घ्यावी लागली.